काळजी करणाऱ्याला अविश्वासू म्हणू नका

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाक्य फार सहज तोंडातून निघतं. काळजी करता म्हणजे तुमचा देवावर विश्वास नाही. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. धीर द्यायचा असतो, आणि धीर द्यायला दुसरं काही सुचत नसतं. पण ऐकणारा घरी जातो तो दोन ओझी घेऊन. मूळची काळजी होतीच, तिच्यावर आता काळजी केल्याची शरम. मी नगरची, चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. कागदोपत्री शहर अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय, तेव्हा तेवढं चालवून घ्या. सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. ख्रिस्ती म्हणून मला हे वाक्य शास्त्राला धरून वाटत नाही, आणि नर्स म्हणून ते धोक्याचं वाटतं.

मी हे कुठून बोलते ते आधी सांगते. आमचे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. साखर जुनी, पुढे बीपी, आणि शेवटी किडन्यांनी हात टेकले. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका वेळी चार तास मशिनवर. फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं म्हणून खर्चाचा मोठा भाग निभावतो, पण रिक्षा, इंजेक्शनं, तपासण्या, मधेच येणारा ताप यांना कुठली योजना नाही. घरात पाण्याचा हिशेब चालतो. दिवसाला किती पेले, त्यात चहा धरायचा की नाही, यावरून आमची भांडणं होतात. केळं बंद, नारळपाणी बंद. पालेभाजी आधी उकळायची, ते पाणी टाकायचं आणि मग फोडणी द्यायची. अशा भाजीला चव काय राहते ते ज्याच्या घरी डायलिसिस आहे त्यालाच विचारा.

त्यांच्या डाव्या हातावर फिस्टुला केलेला आहे. शीर आणि धमनी जोडून केलेली ती जागा बोटांना थरथरताना लागते. थरथर थांबली तर आत गुठळी झाल्याची शंका, म्हणजे लगेच दवाखाना. मला रात्री जाग आली की माझा हात आपोआप तिकडे जातो. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचा हात एवढा कधी धरला नसेल. थरथर लागते, मग मी पुन्हा डोळे मिटते आणि प्रार्थना करते. कधी प्रार्थना आधी होते आणि हात नंतर जातो. यातली काळजी कुठली आणि श्रद्धा कुठली, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. कुणाला येत असेल तर त्यांनी जरूर दाखवावं.

डायलिसिस सुरू झालं त्या दिवसांत मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. गीत झालं, प्रार्थना झाली. जाताना एक बाई दारात थांबून म्हणाल्या, ताई, तुमच्या चेहऱ्यावर फार काळजी दिसते, प्रभूवर भार टाका, काळजी हे पाप आहे. मी चहाचे कप उचलत होते. त्या वयानं मोठ्या, म्हणून तेव्हा गप्प बसले. उत्तर इथे देते.

काळजीबद्दलचं येशूचं सगळ्यांत मोठं बोलणं मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात आहे. पाखरांकडे बघा, रानातल्या फुलांकडे बघा, उद्याची चिंता उद्यावर सोडा, असा त्याचा आशय. आपण हे कॅलेंडरवर फुलांच्या चित्राखाली वाचतो आणि फार गोड वाटतं. पण ते कुणाला सांगितलं होतं? मासे मारणाऱ्यांना, रोजानं राबणाऱ्यांना, रोमच्या करानं पिचलेल्या गावकऱ्यांना. त्याच शुभवर्तमानात पुढे द्राक्षमळ्याचा दाखला येतो. त्यातले मजूर बाजारात उभे आहेत, कुणी कामाला नेतं का याची वाट बघत, काहीजण तर दिवस कलेपर्यंत. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन बघा, तो दाखला समजवायला पाळक लागत नाही. ज्याची आजच्या भाकरीची खात्री नाही त्याला येशू उद्याचं ओझं आज उचलू नको म्हणतो, ते त्याला दटावण्यासाठी नाही. त्याच्या पाठीवरचं थोडं उतरवण्यासाठी आहे. आणि त्यानं शिकवलेल्या प्रार्थनेत मागणं आहे तेही रोजच्या भाकरीचं. वर्षाच्या धान्याचं नाही.

आमच्या जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून माणसं दर हंगामाला ऊसतोडीला जातात. आधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग ती फेडत कोयता चालवतात. त्यांचा उद्या आधीच विकला गेलेला असतो. अशा बाईसमोर उभं राहून काळजी करू नकोस म्हणायचं असेल तर आधी तिची उचल किती आणि पोरं कुठल्या शाळेत आहेत ते विचारायला हवं. नुसतं वचन फेकून निघून जाणं फार स्वस्त पडतं.

आता येशूचंच घ्या. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत तो पेत्राला आणि जब्दीच्या दोन मुलांना बरोबर घेतो आणि आपला जीव किती व्याकूळ झालाय ते त्यांना उघड सांगतो. जागे राहा म्हणतो. ते झोपतात. तो एकच विनंती पुन्हा पुन्हा, तीन वेळा करतो, की हा प्रसंग टळू दे, आणि प्रत्येक वेळी पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवतो. प्रसंग काही टळला नाही. काळजी म्हणजे अविश्वास, या वाक्याचं माप लावलं तर त्या रात्रीचा येशूसुद्धा नापास होईल. पौलाचंही तेच. फिलिप्पैकरांना तो तुरुंगातून लिहितो की कशाचीही चिंता करू नका, सगळं प्रार्थनेत देवाला सांगा. हे वचन आमच्याकडे फ्रेम करून भिंतीवर असतं. पण त्याच पत्रात, थोडं आधी, एपफ्रदीत नावाच्या आपल्या सोबत्याबद्दल तो लिहितो. हा माणूस आजारी पडून मरता मरता वाचलेला. पौल त्याला फिलिप्पैला परत धाडतो, आणि त्यामुळे आपला जीव थोडा हलका होईल असंही मोकळेपणानं कबूल करतो. चिंता करू नका लिहिणाऱ्यालाही चिंता होती. त्यानं ती लपवली नाही आणि तिच्यावर जमेल तो उपायही केला. हा भाग मात्र कुणी फ्रेम करत नाही.

स्तोत्रसंहिता उघडली की हेच दिसतं. 88 वं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्रार आहे आणि ते अंधारातच संपतं. मधे दिलासा नाही, शेवटी स्तुतीही नाही. ज्यांनी पवित्र शास्त्र जमवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं. देवापुढे असंही बोलता येतं, एवढं त्यातून मला कळतं, आणि माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

मग प्रार्थनेनं होतं तरी काय? वर्तमानपत्र वाचणारे सगळे काही ख्रिस्ती नाहीत, तेव्हा त्यांच्याही कानाला पटेल असं साधं सांगते. मिस्टरांचं क्रिएटिनिन प्रार्थनेनं उतरलं नाही. किडन्या पुन्हा चालू झाल्या नाहीत. मी नर्स आहे, तसं काही होईल अशी आशा धरून मी बसलेही नव्हते. झालं ते वेगळं. काळजीचा स्वभाव असा की ती रात्री पाच वर्षं पुढे धावते. हे गेले तर? मशीन बंद पडलं तर? मुलाची चाकणची नोकरी सुटली तर? मीच आजारी पडले तर यांना रिक्षात कोण बसवेल? एकेक प्रश्न दुसऱ्याचा हात धरून येतो. प्रार्थनेला बसले की मला देवाशी वाक्यात बोलावं लागतं, आणि वाक्यात बोलायचं म्हटलं की नेमकं मागावं लागतं. पाच वर्षांचं मागणं वाक्यात बसत नाही. शेवटी मागणं उरतं ते शुक्रवारच्या डायलिसिसचं. सुई पहिल्या टोचणीत लागू दे, बीपी मधेच पडू नये, आणि येताना रिक्षावाल्यानं खड्डे जरा चुकवावेत. रिक्षावाल्याचं मी खरोखरच मागते. हसलात तरी चालेल.

बाकीच्या पाच वर्षांचं मी देवाकडे सोपवते. सोपवते म्हणजे विसरते असं नाही. दुसऱ्या दिवशी ती काळजी परत येतेच, आणि मी पुन्हा सोपवते. ज्या साक्षी देणाऱ्यांची काळजी एका प्रार्थनेत कायमची गेली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझी गेलेली नाही. माझी रोजच्या रोज जाते आणि रोजच्या रोज येते, आणि मला वाटतं बहुतेकांचं असंच असतं, फक्त साक्ष द्यायला तेवढे लोक उभे राहत नाहीत.

नाइट ड्यूटीच्या काळात मी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात माणसं पाहिली आहेत. आत मूल व्हेंटिलेटरवर आणि बाहेर बाप मोबाइलवर हनुमान चालीसा लावून बसलेला. त्याच्या शेजारी तसबीह फिरवणारी आजी. कुणी गाणगापूरचा अंगारा पुडीत आणलेला, तो पेशंटच्या कपाळाला लावू का, असं मला विचारायचा. कपाळाला लावा, पण तोंडात घालू नका, एवढंच मी सांगायची. या माणसांची श्रद्धा कमी म्हणून ती घाबरली होती असं मला कधीच वाटलं नाही. ती घाबरली होती कारण आत त्यांचं माणूस होतं. काळजी ही बहुतेक वेळा जीव लावल्याची किंमत असते. आणि त्या व्हरांड्यात सगळ्यांत वाईट अवस्था एकट्या आलेल्या माणसाची असे. त्याच्याशी दोन शब्द बोलायला आम्हा सिस्टरांना दरवेळी वेळ मिळत नसे.

म्हणून मला आमच्या महिला मंडळाची वही महत्त्वाची वाटते. प्रार्थनेच्या विनंत्यांची साधी शंभर पानी वही. बुधवारच्या घरसभेत ती उघडतात. जिला जे सांगायचं ते ती सांगते, सेक्रेटरीबाई लिहून घेतात. कुणाच्या मुलाला पोलीस भरतीत धावण्यात मार्क कमी पडलेत. कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत. कुणाच्या विहिरीनं मार्चमध्येच तळ गाठलाय, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय. हे शेवटचं सांगायला बाईला फार वेळ लागतो, आणि तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघत नाही. मग एकेकीचं नाव घेऊन प्रार्थना होते. जुनी पानं मी चाळली आहेत. बऱ्याच विनंत्यांपुढे काहीच लिहिलेलं नाही, कारण मागितलं ते मिळालं नाही. काही नावांवर काट मारलेली आहे, ती माणसं वारली. वही याची लाज बाळगत नाही.

पण वहीत नाव आलं की दुसऱ्या दिवशी हालचाल होते. माझी विनंती लिहिली गेली त्या आठवड्यात एकीच्या मुलानं शुक्रवारी मोटारसायकलवर सोडायचं कबूल केलं. दुसरीनं बिनमिठाची भाजी कशी करायची ते येऊन शिकवलं, तिच्या सासऱ्यांचं डायलिसिस झालेलं होतं. रक्त लागलं तेव्हा तरुण संघातली पोरं आली. ज्या प्रार्थनेनंतर कुणी उठून चप्पल घालत नाही, तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही, हे माझं मत मी मंडळीतही सांगते. काहींना ते रुचत नाही.

महाराष्ट्रात याचं सगळ्यांत मोठं उदाहरण केडगावला आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात, उपासमारीत गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. मांडीवर लहानगी मनोरमा. काळजीत बुडून जायला एका बाईला याहून जास्त काय लागतं? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात आणखी आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात तेव्हा जवळजवळ दोन हजार तोंडं होती. रमाबाई प्रार्थनेच्या बाई होत्या, उद्याची भाकरी देव देईल या भरवशावर चालणाऱ्या. पण त्याच आवारात विहिरी खणल्या गेल्या, शेती होती, माग होते, छापखाना होता. मुली टाइप जुळवायला शिकल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायचं मनात घेतलं तेव्हा रमाबाई त्या भाषा शिकायला बसल्या. 1921 मध्ये मनोरमा त्यांच्या आधी गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. ते बायबल छापून बाहेर आलं त्यानंतर, 1924 मध्ये. देवावर भार टाकणं म्हणजे हात बांधून बसणं, असा अर्थ काढणाऱ्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं. पुण्याहून दौंडच्या गाडीनं फार लांब नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतानाही मला हेच दिसतं. नवरा कधी घर सोडून निघून जाईल, आणि घरातले पैसे कधी कुणाला देऊन टाकेल, याचा नेम नाही. बाई काळजी करतात, रडतात, भांडतात आणि तेच पुढे हसत हसत सांगतात. त्यांच्या श्रद्धेत कोरडा उपदेश औषधालाही नाही. आमच्या व्यासपीठांवरून तेवढा मोकळेपणा आला तर फार बरं होईल.

आता धोक्याचं बोलते, कारण हा लेख लिहायला मुख्यतः त्यामुळेच बसले. चंगाई सभांचे बॅनर आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. मंडप, मोठे स्पीकर, आणि रोगांची यादी. अशाच एका सभेतून परतलेल्या, माझ्या ओळखीच्या एका माणसानं इन्शुलिन बंद केलं. बरा झालास, आता सुई टोचणं म्हणजे शंका घेणं, असं त्याला सांगितलं गेलं होतं. पुढे त्याला उलट्या सुरू झाल्या, श्वास वाढला, बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणला. वाचला. त्याच्या बायकोचा प्रश्न मी विसरू शकत नाही. तिनं विचारलं, सिस्टर, आमचा विश्वास कमी पडला का? चूक सांगणाऱ्याची आणि गुन्हेगार वाटतंय हिला. मधुमेह, कॅन्सर, फेफरं असे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे, आणि मंत्र-ताईतही त्यात येतात. धर्म कुठलाही असो, बॅनर लावणाऱ्यांनी तो कायदा वाचलेला बरा.

दुसरा धोका कमी दिसतो. साधी काळजी वेगळी आणि काळजीचा आजार वेगळा. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली, छातीत धडधड, हातपाय गार, जेवण नकोसं, कामात लक्ष नाही, जगून काय करायचं असे विचार. हे होत असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. मला डायलिसिसवाल्याच्या घरी कुणी विचारत नाही की तुमच्या श्रद्धेला मशीन कशाला लागतं. मग डोक्याच्या गोळीलाच हा प्रश्न का? आणि हे फक्त चर्चमध्ये चालतं असं समजू नका. टेन्शन घेऊ नकोस, सकारात्मक राहा, एवढे अमुक गुरुवार कर, असं सांगून माणसाला डॉक्टरपासून लांब ठेवणारे सगळ्याच आळ्यांत आहेत.

माझी पाळकसाहेबांना, फादरांना आणि मंडळीच्या पंचांना विनंती आहे. काळजीवर उपदेश जरूर करा, पाखरं आणि रानफुलं जरूर सांगा. पण त्याच दमात गेथशेमानेही सांगा. कुणाचंही औषध प्रार्थनेच्या नावावर बंद होणार नाही, हे व्यासपीठावरून स्पष्ट बोला. आणि रविवारच्या सूचना लावता त्या फळ्यावर एक नंबर कायमचा लिहून ठेवा: 14416. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.